डाव्या हाताचा अंगठा

भुजंग गोंधळ्याचा डावा हात दोन वर्षांपासून मेल्यात जमा होता. लकवा मारला तेव्हा पाय आणि जीभ महिन्याभरात ताळ्यावर आली, हात मात्र गेला तो गेलाच. एका हाताने काय डोंबल संबळ वाजवणार? ताडकळसच्या घरात बायको धुरपताबाई मजुरीला जायची आणि त्यावर दोघं कशीबशी जगायची. सरकारचा निराधाराचा पगार लागू झाला तरच पुढचं काही खरं होतं, आणि त्यासाठी परभणीच्या डॉक्टरांचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट हवं होतं.

तपासणीची तारीख मिळाली ती नेमकी मंगळवारची. दुसरी तारीख घेऊ, असं भुजंग दोनदा म्हणाला. धुरपताबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण कारण तिलाही ठाऊक होतं.

त्याचा धाकटा भाऊ पंडित तुणतुण्यावर गायचा. भुजंगचा हात गेल्यावर त्याने वर्षभर एकट्याने गोंधळ रेटले आणि मग एका यजमानाला तोंडावर सांगून टाकलं, आता माझ्यानं होणार नाही. त्यांच्या घराण्यात असं कुणी म्हणत नाही. देवीची चाकरी मरेपर्यंतची. अंग थकलं तरी आई करून घेईल, एवढंच म्हणायचं. पंधरा दिवसांत पंडित वारला. तेव्हापासून मंगळवार आला की भुजंगची ती मेलेली बोटं बाजेच्या काठावर आपोआप ठेका धरायची आणि पंडितने गाणं उचलायच्या जागी थांबायची. भुजंगला त्या थांबण्याचीच भीती वाटायची.

मंगळवारी परभणीला डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली, हात वर धरून सोडला. तो धपकन पडला. त्यांनी मान डोलावली आणि धुरपताबाईचा जीव भांड्यात पडला. मग कारकुनाने जबाबाचा कागद वाचून दाखवला: मी कोणतेही काम करण्यास कायमचा असमर्थ आहे.

"असं नका लिवू साहेब," भुजंग म्हणाला. "आई करून घेईल, असं लिवा."

मग पगारही आईकडूनच घ्या, असं म्हणून कारकून हसला.

"व्हय म्हना वो," धुरपताबाई खाली मान घालून म्हणाली. "देवीला समदं कळतंय."

भुजंग कसाबसा हो म्हणाला. पुरुषाचा अंगठा डावाच लागतो. कारकुनाने तो हात उचलला, शाईवर दाबला आणि कागदावर टेकवला. अंगठा तिथे राहिलाच नाही. तो ठेक्यात उठू-पडू लागला, बोटं टेबलावर वाजू लागली, आणि असमर्थ या शब्दावर निळ्या ठशांची गर्दी झाली. मग सगळं थांबलं. आता पंडितचा आवाज येणार, म्हणून भुजंगने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं: हालचाल आढळली, सहा महिन्यांनी फेरतपासणी. त्यांचं तरी काय चुकलं? डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं.

परतीच्या बसमध्ये धुरपताबाई त्याच्या डाव्या अंगाला बसली. तिने तो हात आपल्या मांडीवर ओढला आणि पदराने अंगठ्याची शाई खसाखसा पुसली.

"भावजीच व्हते ना?"

त्याने मान हलवली.

"मंग त्यांला सांगा, उद्या माझ्यासंगं कापूस येचायला या म्हनावं."

आणि ती त्या बोटांकडे बघत राहिली, खरंच उत्तराची वाट पाहत असल्यासारखी. ताडकळस येईपर्यंत बोटं हलली नाहीत.