मोर्च्याचे शर्ट

"मावशी, सगळे फाडा," दिग्दर्शक म्हणाला. "यांत गरिबी दिसतच नाही."

मावशी कपडेपटात कामाला होती. समोर दोरीवर नव्वद शर्ट टांगलेले. नवं कापड चहाच्या पाण्यात बुडवून, कॉलरी विटेनं घासून, कोपरांना ठिगळं लावून तिनं तीन आठवड्यांत ते म्हातारे केले होते. ठिगळं अशी, की शोधावी लागावीत. तिच्यासारखं रफू करणारं तिथं दुसरं कोणी नव्हतं, आणि हे तिलाही चांगलंच ठाऊक होतं.

सिनेमा एका गाजलेल्या कादंबरीवर निघत होता. पंचावन्न वर्षांपूर्वीचा कारखान्यातला संप, मालकाच्या दारावर गेलेला मोर्चा आणि गोळीबार. त्या गोळीबारात मावशीचे वडील गेले. ती तेव्हा सहा वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, भिकाऱ्यांचा आणि गुंडांचा जमाव. ते शब्द तिच्या आईच्या जिवाला जे लागले, ते अजून सलत होते.

"साहेब, मोर्च्याला माणूस ठेवणीतला शर्ट घालतो," मावशी म्हणाली. "मालकासमोर उभं राहायचं असतं ना. आईनं आदल्या दिवशी बाबांचा शर्ट धुतला, रफू केला, इस्त्री म्हणून गादीखाली ठेवला. पुस्तकातही तसंच आहे. वाचा हवं तर."

"वाचलंय हो. पण लेखकाला चार पानं मिळतात, मला चार सेकंद. इतकी नीटनेटकी माणसं मेली, तर प्रेक्षक म्हणेल, यांचं असं काय वाईट चाललं होतं?"

"म्हणजे फाटक्यात मेलं तरच मेलं म्हणायचं?"

दिग्दर्शक माणूस वाईट नव्हता. कामगारांवर त्याचं मनापासून प्रेम होतं. फक्त ते उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं प्रेम. त्यानं घड्याळ पाहिलं. "तुम्हाला जमत नसेल तर सहायकांना ब्लेड देतो."

सहायक ब्लेड कसं चालवतात ते मावशीनं पाहिलं होतं. शिवाय आज शूटिंग बघायला आई येणार होती. ऐंशी उलटलेली, एकाच डोळ्यानं धड बघू शकणारी आई महिनाभर शेजारीपाजारी सांगत सुटली होती, "आता जगाला दिसेल, आमची माणसं कशी होती." काम सोडून मावशी घरी गेली असती, तर आईला काय सांगणार होती?

तिनं कात्री उचलली. आधी शिवणीवर उसवलं, म्हणजे पुन्हा जोडता येईल. "पाठीत फाडा, चांगलं ऐसपैस," दिग्दर्शक म्हणाला. मग पाठीत फाडलं. हात सराईतासारखा चालत होता. त्या हाताचीच तिला जास्त लाज वाटली.

दुपारी गाडी आईला घेऊन आली. तिला सावलीत खुर्ची दिली. मोर्च्यात पहिली गोळी खाणारा नट आपणहून येऊन तिच्यापुढे बसला. पोरगा गुणी होता. "आजी, तुमच्या यजमानांचं काम मीच करतोय," तो म्हणाला.

आईला धड ऐकू आलं की नाही कोण जाणे. ती त्याच्या अंगावरच्या शर्टाकडे बघत होती. तिनं त्याला पाठ फिरवायला सांगितली. कापडाच्या दोन्ही कडा चिमटीत धरल्या, जोडून पाहिल्या.

"एवढं फाटेपर्यंत कोणी बघितलं नाही?" ती म्हणाली. "तुझ्या घरी बाईमाणूस नव्हतं का रे?"

"होतं की," नट हसत म्हणाला. "तुम्हीच, आजी."

आईच्या चिमटीतून कापड सुटलं. मागे उन्हात बाकीचे एकोणनव्वद उभे होते. तिनं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि खाली घेतली.

"मला घरी ने," ती मावशीला म्हणाली.

मावशी जवळ गेली. तिच्या बोटांना फाडलेल्या शर्टांचे धागे चिकटलेले होते. आईनं उठायला आधारासाठी हात वर केला. मावशीला आपला हात पुढे करवेना.