गाभोळीशेजारची पिशवी

डोळे मिटा आणि मनाशी चित्र काढा. तुम्ही दहा वर्षांचे आहात, तारापूरच्या किनाऱ्यावर कोळ्याच्या घरात राहता आणि पुढ्यात विळीवर भलाथोरला शिंगाळा मासा आहे. त्याचं पोट उघडायचं, पण आतली गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिवळी थैली, फुटू द्यायची नाही. जमेल?

नलूला जमायचं. पण ते आपल्याला कधी असं उपयोगी पडेल, हे तिला ठाऊक नव्हतं.

१९८९ सालच्या दिवाळीनंतर तिच्या चंद्रकांताकाकीचं पोट वाढू लागलं. लग्नाला चार वर्षं झाली होती. आजी काशीबाईने लगेच तिच्या डोक्यावरची म्हावऱ्याची, म्हणजे मासळीची, पाटी उतरवली आणि तिला दिवस गेल्याची आळीभर बातमी केली. पाळी नेमाने येते, असं काकी सांगत होती. पण ऐकतंय कोण!

शेवटी पोट दुखायला लागलं. बोईसरच्या डॉक्टरीणबाईंनी पालघरला पाठवून सोनोग्राफी करवली. मूल नव्हतं. नारळाएवढी पाण्याची पिशवी होती.

"कुनी काय खायला घातलं का हिला?" आजीने विचारलं. नलूही सोबत आली होती.

"नाही हो. ही जन्माआधीची गोष्ट आहे," बाई म्हणाल्या. "आईच्या पोटात प्रत्येक बाळाच्या अंगात मुलाच्या आणि मुलीच्या, अशा दोन्ही नळ्या तयार होतात. मग एक जोडी वाढते, दुसरी सुकून जाते. कुणाकुणात तिचा तुकडा मागे राहतो. हिच्या अंडाशयाशेजारी तसा तुकडा राहिला, त्यात पाणी भरलं, एवढंच. कॅन्सर दिसत नाही. लहान असती तर नुसतं लक्ष ठेवून राहू दिली असती. पण एवढी मोठी पिशवी पीळ खाऊ शकते. काढलेली बरी."

घरी आल्यावर काकी भिंतीकडे तोंड करून बसली. "मी नाय जायची. पिशवीसंगती गाभोळी पन काढतील. मंग पोर कुठनं व्हायचं?"

नलू उठली. टोपलीतला शिंगाळा तिने विळीवर घेतला, पोट उघडलं, गाभोळीला चिकटलेला, माशाला तरंगवणारा हवेचा फुगा नखाने हळूच सोडवला आणि बाजूला ठेवला. गाभोळी अखंड होती.

"बग काकी. शेजारी हाय, आत नाय."

काकीने बराच वेळ निरखून पाहिलं. "तुज्या हातनं कदी फुटली नाय?"

"दोनदा फुटली. शिकताना."

"आनि ती बाई? तिचं शिकून झालंय ना?" काकी कितीतरी दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी नलूने डॉक्टरीणबाईंना हाच प्रश्न जसाच्या तसा विचारला. आजीने कपाळावर हात मारला. बाई मात्र रागावल्या नाहीत. "अशा पुष्कळ काढल्यात. बाईच्या पोटात डावी-उजवी अशा दोन गाभोळ्या असतात, त्या वाचवायच्याच आहेत. पण आत पाहिल्याशिवाय वचन देणार नाही."

ते ऐकून काकी म्हणाली, "खोटं बोलत नाय ही. सोमवारी जाते. पन नलू, सुदीवर आले की पैलं तूच सांग. एक वाचली तर एक बोट, दोनी वाचल्या तर दोन."

सोमवारी ऑपरेशनला तासभर लागला. बाई बाहेर आल्या आणि सगळ्यांना सोडून आधी नलूशी बोलल्या.

काकी खाटेवर गुंगीत होती. नलू उशाशी गेली, दोन बोटं वर केली आणि हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हाताने कोपर धरून, काकीचे डोळे उघडेपर्यंत तशीच उभी राहिली.