घडी न होणारी कार्बाइन

लाइलनं ती कार्बाइन विकत घेतली तेव्हा तिची घडी होत होती, आणि खरं तर तिचं सगळं कौतुक त्यातच होतं. मधोमध बिजागरी होती. खटका दाबून नळी मागे वळवली की ती दस्त्यावर येऊन टेकायची आणि एवढी थोरली बंदूक शिवणाच्या डब्यात मावेल एवढी व्हायची. पिस्तुलाच्या गोळ्या तिला चालत. वजन सोललेल्या कोंबडीएवढं. "ही तुझी," लाइल म्हणाला होता. "माझ्या रायफलची ती लांबलचक पेटी आता पुरे."

त्या लांबलचक पेटीमागे एक गोष्ट होती आणि आर्डिथला ती विसरता येत नव्हती. पूर्वी, म्हणजे तिचं नि लाइलचं नवीन लग्न झालं तेव्हा, गावातल्या प्रत्येक ट्रकच्या मागच्या काचेत बंदूक टांगलेली असायची. शाळेसमोर गाडी लावून माणसं आत फॉर्म भरायला जायची, बंदूक तिथंच. कुणी वळूनसुद्धा बघत नसे. बघितलंच तर "कोणती घेतलीस रे?" एवढंच. पण तीन वर्षांपूर्वी आर्कान्सोहून परत येताना नेब्रास्कातल्या एका मोटेलच्या आवारात लाइलनं ती पेटी गाडीतून काढली, आणि शेजारच्या गाडीपाशी उभी असलेली सात-आठ वर्षांची एक मुलगी हूं की चूं न करता जमिनीवर पालथी झाली. डोक्यावर हात, तोंड डांबरात. शाळेत गोळीबार झाला तर काय करायचं ते पोरांना शिकवतात, तशी. तिची आई धावत आली. लाइल बिचारा पेटी हातात घेऊन नुसता उभा राहिला.

आर्डिथनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. पोरांची तोंडं तिला वाचता येत. त्या रात्री ती जेवली नाही. पुढच्या महिन्यात लाइलनं घडीची कार्बाइन आणली, आणि त्यानंतर सहा महिन्यांत तो गेला.

दोन वर्षं आर्डिथ कुठंच गेली नाही. आयडाहोतल्या त्या खोऱ्यात नदी होती, डोंगर होते, मुलगा वॉरन होता. कशाला जायचं? पण यंदा एप्रिलमध्ये नीव्हाचा फोन आला. नीव्हा तिची थोरली बहीण, एकोणऐंशीची, अजून माहेरच्याच गावी, आर्कान्सोच्या टेकड्यांत राहणारी. तिकडे दर मे महिन्यात डेकोरेशनचा रविवार असतो. सगळी घराणी आपापल्या माणसांच्या कबरी साफ करतात, फुलं वाहतात आणि मग चर्चमागच्या ओकच्या झाडांखाली लांब टेबलं मांडून तळलेली कोंबडी, वाल, गोड ॲपल-पाय असं जेवण होतं. आईची कबर दोन वर्षं नीव्हानं एकटीनं केली होती.

"माझे गुडघे गेले बघ," नीव्हा म्हणाली. "खाली बसले की उठवायला माणूस लागतो. यंदा तू आली नाहीस तर आईची कबर तशीच राहणार. लोकांच्या फुलांच्या मधोमध गवत."

"येते," आर्डिथ म्हणाली. लगेच. आपल्याच आवाजाचं तिला नवल वाटलं.

सोळाशे मैल. एकटीनं. ट्रकच्या मागच्या हौद्यावर टप बसवलेला होता, आत गादी होती. दोन रात्री सरकारी कॅम्पच्या जागांत काढायच्या, जशा ती आणि लाइल काढत. अडचण एवढीच होती की ट्रक वॉरनच्या गोठ्यात उभा होता. ब्रेक दुरुस्त करायला म्हणून त्यानं पुढचं एक चाक काढून ठेवलं होतं, त्याला महिना झाला होता. आणि वॉरनला आईनं जायला नको होतं.

"अगं आई, विमानानं जा ना."

"विमानतळावरून नीव्हाकडे शंभर मैल आहेत. तिथून मला काय घार नेऊन सोडणार?"

शेवटी त्यानं अट घातली. बाबांची कार्बाइन बरोबर न्यायची, आणि ती तुला एकटीला वापरता येते हे मला दाखवायचं. उघडायची, भरायची, पंचवीस पावलांवरच्या पाच कागदी ताटल्या पाडायच्या, रिकामी करायची, घडी करून पिशवीत घालायची. मग ट्रक मिळेल.

आर्डिथ कबूल झाली. बंदूक तिला नवीन नव्हती. अडचण डोळ्यांची होती. नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायची ती बारीक काळी दांडी, तिला आता दिसतच नव्हती. काळ्यावर काळं. म्हणून ती ड्वेनच्या दुकानात गेली, आणि तिथंच घोळ झाला.

ड्वेन बंदुका दुरुस्त करायचा, विकायचा. लाइलचा चाळीस वर्षांचा शिकारीचा सोबती. दुकानाच्या मागच्या बाजूला कॉफीचं टेबल होतं, आणि तिथं मर्व्ह रोज येऊन बसायचा. मर्व्हला दुसरं घरच नव्हतं म्हणा ना, बायको गेल्यापासून. मासे पकडायला जायचा आणि इथं बसायचा.

"एकटी चाललीस?" ड्वेननं विचारलं.

"नाही, राष्ट्राध्यक्ष येताहेत सोबतीला."

कुणी हसलं नाही. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. मग ड्वेन उठला आणि कपाट उघडून त्यानं एक छोटी काच काढली, आत लाल ठिपका दिसणारी. ठिपका ज्यावर ठेवला तिथं गोळी. माशी बघायची गरज नाही. "ही माझ्याकडून," तो म्हणाला. मर्व्हनं घरी जाऊन बॅटरी आणली, नळीखाली लावायची, एवढ्या उजेडाची की पलीकडच्या डोंगरावरची हरणं जागी व्हावीत. मग पट्टा आला. मग पुढं धरायला मूठ आली. आर्डिथ नको नको म्हणत होती आणि त्या दोघांची डोकी त्या बंदुकीवर अशी वाकली होती, जशी तेराव्या वर्षी सायकलवर वाकलेली असतील. लाइलच्या आजारात हे दोघं दवाखान्याच्या व्हरांड्यात टोप्या हातात घेऊन तासन् तास उभे राहिले होते आणि एक शब्द बोलले नव्हते. ते तिला आठवलं, आणि ती गप्प बसली.

वॉरननंही आपली भर घातली, गोळ्यांचं हातभर लांब मॅगझीन. ते मात्र तिनं तिथल्या तिथं परत दिलं. "वाटेतल्या एका राज्यात एवढं मोठं चालत नाही. आईला तुरुंगात घालून घरी बसवायचा बेत आहे का तुझा?"

ती घरी स्वतःच्या कामाला लागली. ड्वेनकडे बंदुकीच्या पिशव्या होत्या, पण सगळ्या काळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, लांबून ओरडून सांगणाऱ्या की आत काय आहे. तिनं आपली विणकामाची जुनी पिशवी घेतली, आत गोधडीचं जाड अस्तर शिवलं, कुलपाची पेटी बसेल असा कप्पा केला आणि वर लोकरीचे दोन गुंडे ठेवले. कुणा मुलीला आता डांबरावर पडावं लागणार नव्हतं.

बुधवारी सकाळी वॉरनच्या गोठ्यामागे, मातीच्या उंच बांधासमोर, परीक्षा झाली. गुरुवारी निघाली तरच ती रविवारच्या आत पोहोचणार होती. ड्वेन आणि मर्व्ह निमंत्रणाशिवाय येऊन ड्वेनच्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसले होते. वॉरन हाताची घडी घालून उभा.

आर्डिथनं कानांवर आवाज अडवणारी झाकणं चढवली, गोळ्या भरल्या. लाल ठिपका ताटलीवर आला. एक. दोन. तीन. बंदूक नळीकडे जड झाली होती, पण पाचही ताटल्यांना भोकं पडली.

"वा गं माझी वाघीण!" मर्व्ह ओरडला.

तिनं मॅगझीन काढलं, आत बोट घालून रिकामी असल्याची खात्री केली, खटका दाबला आणि नळी मागे वळवली. नळी अर्ध्यावर येऊन ठक्क करून थांबली. तिनं पुन्हा वळवली. पुन्हा ठक्क.

वर बसवलेली काच मध्ये येत होती. नळीला दस्त्यापर्यंत जायला वाटच नव्हती.

 ड्वेनच्या तोंडातली काडी खाली पडली. आयुष्यभर बंदुका हाताळलेली दोन माणसं, आणि ही घडी होणारी बंदूक आहे, तिची एकदा घडी करून बघावी, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"झालं तर मग," वॉरन म्हणाला. "ती पिशवीत जात नाही, नि तूही जात नाहीस."

"काच काढ," आर्डिथ ड्वेनला म्हणाली.

ड्वेननं टोपी मागे सारली. "तिला मी गोंद लावलाय. स्क्रूंना. रस्त्यात हादऱ्यानं ढिली होऊ नये म्हणून."

"कोणता गोंद?"

"चांगला."

मर्व्ह खो खो हसायला लागला. "अरे, लग्नात अंगठीला लावला असतास तर तुझी पहिली बायको राहिली असती!"

"तू गप. तुझी ती बॅटरी, मोटारीचा दिवा आहे तो. आणि मूठ कुणी सुचवली?"

"दोघंही गप बसा," आर्डिथ म्हणाली. "गोंद कशानं सुटतो?"

उष्णतेनं सुटतो. वॉरनच्या घरातून केस वाळवायचं यंत्र आणलं, गोठ्यातल्या प्लगला लावलं, आणि ड्वेन बायकांच्या सलूनमध्ये बसल्यासारखा एकेका स्क्रूवर गरम हवा मारत बसला. पहिला सुटला. दुसरा सुटला. काच निघाली. मग आर्डिथनं स्वतः पाना घेतला आणि बाकीचंही काढायला लागली. बॅटरी मर्व्हच्या हातात दिली, पट्टा आणि मूठ ड्वेनच्या. प्रत्येक वेळी त्याचा हात क्षणभर आपल्या हातात धरला. "कळलं मला," ती एवढंच म्हणाली. मर्व्ह दुसरीकडे बघायला लागला.

बंदूक पुन्हा कोंबडीएवढी हलकी झाली. घडीही झाली, लोण्यासारखी. पण उघडून नेम धरला तर समोर काळ्यावर काळं.

"दिसतंय का?" वॉरननं विचारलं.

खोटं बोलायचं तिच्या अगदी ओठावर आलं. "नाही," ती म्हणाली.

मर्व्ह उठला, आपल्या गाडीकडे गेला आणि मासे पकडायची पेटी घेऊन आला. गळाला बांधायच्या पिसांच्या माश्या तो स्वतः करायचा, आणि गाठ पक्की बसावी म्हणून वर नेलपॉलिशचा थेंब सोडायचा. तीन बाटल्या होत्या. त्यानं झगझगीत नारिंगी उचलली, चष्मा कपाळावर ढकलला आणि श्वास रोखून त्या बारीक दांडीच्या टोकाला रंग दिला. "वाळू दे," तो म्हणाला. "ट्राउट माशाला गढूळ पाण्यात दिसतो हा रंग. तुला का नाही दिसणार?"

दहा मिनिटांनी आर्डिथनं बंदूक उचलली. ताटलीच्या पांढऱ्यावर नारिंगी ठिणगी उभी होती. सहा गोळ्यांत पाच ताटल्या. एक चुकली, दुसऱ्यांदा लागली. रिकामी, घडी, कुलपाची पेटी, पिशवी, वर लोकर. ड्वेननं टाळी वाजवली.

वॉरन जमिनीकडे बघत होता. "ब्रेकचा भाग आला नाही अजून, आई. पुढच्या आठवड्यात येईल म्हणाले."

बोटाला लागलेला रंग पुसायला आर्डिथ गोठ्यात गेली. चिंधी शोधताना कट्ट्यावर, रिकाम्या पोत्याखाली, तिला एक खोका सापडला. न उघडलेला. वरच्या चिठ्ठीवर ब्रेकच्या भागाचं नाव होतं, आणि तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

तिनं बाहेर येऊन म्हाताऱ्यांना सांगितलं, "तुम्ही आता कॉफी प्यायला जा." ते गेले. मग तिनं वॉरनला आत बोलावलं आणि खोक्यावर बोट ठेवलं.

वॉरन आपल्या बुटांकडे बघू लागला. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, पण मान खाली घातली की अजून तोच, बसच्या पहिल्या बाकावर बसून आईच्या पाठीकडे बघणारा.

"नीव्हामावशीनं तुला तिथंच राहायला सांगितलंय," तो म्हणाला. "तू फोनवर बोलत होतीस, मी ऐकलं."

"सांगितलंय."

"मग? तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही."

"मला रस्त्याची भीती नाही गं. तू रस्त्यात कुणाला ऐकायची नाहीस, ते मला माहीत आहे." त्यानं दाराबाहेर तिच्या घराकडे बोट दाखवलं. "बाबा गेल्यावर मी रोज संध्याकाळी तुझा दिवा लागलेला बघतो. इथून दिसतो. नाही लागला तर येऊन बघतो."

हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटायचं, तो कुत्रं फिरवायला येतो.

एकतीस वर्षांत तिनं बसमधल्या एकाही पोराला घर कधी येणार याबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. बर्फ पडला तर बर्फ पडलाय म्हणून सांगायची. "वॉरन," ती म्हणाली, "मी परत येईन असं शपथेवर सांगू शकत नाही. आई तिथं आहे, बहीण आहे, तिला गुडघे नाहीत. लाइल इथं आहे, तू आहेस. मला खरंच माहीत नाही. पण ते मला तिथं उभं राहून ठरवू दे. तू चाक काढून ठेवलंस म्हणून राहिले, तर ते राहणं कसलं?"

वॉरननं नाक पुसलं. खोका फोडला. पाठीवर झोपून ट्रकखाली सरकला. आर्डिथ उलट्या बादलीवर बसून त्याला पाने देत राहिली. दुपार कलली तेव्हा चाक जागेवर बसलं.

"नट दे," तो म्हणाला. आणि मग, "पोहोचल्यावर फोन करशील?"

"रविवारी जेवणं झाली की करते. नीव्हाच्याच हातात देते फोन. पोराला न विचारता त्याची आई ठेवून घेतेस का, तूच विचार तिला."

"आणि ती हो म्हणाली तर?"

"तर ये मला न्यायला. सोळाशे मैल आहेत. तुझ्या गाडीला चारही चाकं असली म्हणजे मिळवली."

वॉरन खाली मान घालून नट पिळत होता. त्याचे खांदे हलले. तो हसत होता की काय, हे आर्डिथनं वाकून बघितलं नाही. तिनं पुढचा नट त्याच्या हातावर ठेवला.