पाठीवरचा नंबर

जावईबापूंनी परसातल्या गरम पाण्याच्या टबाचं नवं बटणांचं पॅनल काठावरच्या भोकात दाबलं, तसं ते टच्चकन बसलं. "बघा!" म्हणत त्यांनी विजयी नजरेनं मागे पाहिलं. मग ते पुन्हा काढून, मागची वायर जोडायला खाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

"काय झालं?" मागच्या दारात वॉकर धरून उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. प्लग जरा वेगळा आहे."

"जरा म्हणजे?"

"म्हणजे... बसत नाही."

मागच्या खेपेलाही हेच झालं होतं. तेव्हा त्यांनी सगळं खापर दुकानावर फोडलं होतं. म्हणून या वेळी दुकान बदललं. पॅनल मात्र तेच मागवलं, जुन्याच्या तोंडावरचं मॉडेलचं नाव अक्षरन् अक्षर बघून.

बाईंनी उभा जन्म पोहायला शिकवण्यात घालवला होता. अर्ध्या शहराला त्यांनी पाण्यात ढकललं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला बाहेर ओढलं होतं; नावानं त्यांना कुणी हाक मारत नसे, सगळे नुसतं 'बाई' म्हणत. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डावा पाय रुसून बसला. तो ऐकायचा फक्त या टबातल्या गरम पाण्याचं. सकाळी त्यात बसलं की गुडघा वाकायचा, आणि मग दिवसभर बाई भिंतीला हात लावत घरभर हिंडायच्या. पॅनल मेल्यापासून पाणी थंडगार पडलं होतं, पायाचं लाकूड झालं होतं, आणि वॉकर नावाचं हे चार पायांचं जनावर त्यांच्या गळ्यात पडलं होतं. बाईंना त्याचा मनापासून राग होता.

"आई, आता पुरे," मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली. "शनिवारी भंगारवाल्याला बोलावते. ते डबकं रोज बघायचं आणि तुला असं बघायचं, माझ्यानं होत नाही."

"मग मलाही चढव त्याच्या टेम्पोत."

"काही तोंडाला लगाम?"

मुलीचे डोळे भरले होते, ते बाईंना दिसलं. पण टब गेला की पाय गेला, हेही तितकंच खरं होतं.

जावईबापूंनी टेबलापाशी येऊन दुकानदाराला फोन लावला. भांडायच्या तयारीनंच लावला. स्पीकर चालू होता.

"साहेब, तोंडावरचं नाव नका सांगू हो," दुकानदार म्हणाला. "पाठीवरचा नंबर सांगा, आणि टबाखालच्या पेटीत बोर्ड असतो, त्याच्यावरचा सांगा. ते दोन जुळले पाहिजेत. तोंड काय, कसंही असू दे."

"अहो, पाठीवरचा नंबर वाफेनं पुसलाय! पण नाव ढळढळीत लिहिलंय समोर, एवढ्या मोठ्या अक्षरांत!"

वाद रंगला. बाई टेबलाशी येऊन बसल्या होत्या; जुनं पॅनल त्यांच्या पुढ्यातच पडलं होतं. त्या सहज त्यावरून बोट फिरवत होत्या, तर कोपऱ्यात नखाला काहीतरी अडलं. चकचकीत निळ्या स्टिकरची कड सुटली होती. खाली आणखी एक कड होती, फिकट, करड्या रंगाची.

आणि बाईंना लख्ख आठवलं. मागे एकदा उन्हानं पॅनलचा रंग उडाला होता, तेव्हा जावईबापूंनीच कुठून तरी हा निळा स्टिकर आणून चिकटवला होता. "आता कसं, नव्यासारखं दिसतं!" म्हणत शेजाऱ्यांनाही दाखवला होता. नाव भलत्याच पॅनलचं होतं, पण तेव्हा कोण वाचतंय!

बाईंनी कड अलगद दाबून पुन्हा बसवली. हे आत्ता मोठ्यानं सांगितलं असतं, तर मुलीनं त्या माणसाला सात जन्म ऐकवलं असतं. शिवाय अजून बरंच काम त्याच्याकडून करून घ्यायचं होतं, आणि तोंडघशी पडलेला जावई पाना हातात धरत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"जावईबापू," फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "हे कोपऱ्यात काहीतरी उचकटलंय. माझ्या नखांत जोर नाही. जरा बघता का?"

ज्या हातांनी बुडत्या पुरुषांना केसाला धरून काठावर आणलं, त्यांची नखं अचानक अशक्त झाली होती. जावईबापूंनी स्टिकर ओढला. फर्रकन निघाला. खालचं फिकट नाव त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

"काय रे?" मुलीनं विचारलं.

"अं... कारखान्यातूनच दोन लागून आलेले दिसतात. एकावर एक."

"असेल हो," बाई म्हणाल्या. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. हल्ली कुणाचा भरवसा नाही."

जावईबापू मेन स्विच बंद करून आले, टबाच्या बाजूची फळी काढली आणि टॉर्च तोंडात धरून आत शिरले. बोर्डावरचा नंबर घेऊन आले, तेव्हा केसांत कोळ्याची जाळी होती. दुकानदाराला खालचं नाव सांगितलं, नंबर सांगितला. तो म्हणाला, हे बनायचं केव्हाच बंद झालं, पण याच्याऐवजी चालतील अशी दोन आहेत. एक काचेचं, देखणं. पण त्याला बोर्डही बदलावा लागेल. दुसरं एवढंसं, ठोकळ्यासारखं, उंच बटणांचं. प्लग सरळ बसेल.

"काचेचं कसं शोभून दिसेल," जावईबापू पुटपुटले.

"पाण्यात माझ्या डोळ्यांवर चष्मा नसतो," बाई म्हणाल्या. "मला बोटांना कळणारं हवं. ठोकळा मागवा."

"अगं पण भोक केवढं, ते पॅनल केवढं!" मुलगी म्हणाली.

"ते माझ्यावर सोड," जावईबापू म्हणाले.

आणि इथं मात्र त्या माणसाला मानलं पाहिजे. भाजी चिरायचा जुना प्लास्टिकचा पाट त्यांनी करवतीनं कापला, कानशीनं घासला, मधे खाच पाडली आणि ती पट्टी भोकावर अशी बसवली की केस जायला जागा नाही.

पॅनल आलं शनिवारीच. भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाशी येऊन हॉर्न वाजवत होता आणि जावईबापू पालथे पडून प्लग जोडत होते. टक् असा आवाज आला. मुलगी मेन स्विचपाशी हात ठेवून उभी होती.

"लाव!"

पडद्यावर आकडे उमटले. बाईंनी वाकून वरचं बटण दाबलं. टबाच्या पोटात गुरगुर झाली आणि पाणी उकळी फुटल्यासारखं नाचायला लागलं.

"त्या टेम्पोवाल्याला म्हणावं, जा बाबा!" बाई ओरडल्या. तलावाच्या काठावरून ओरडत, तशा.

पाणी तापायला दुपार झाली. बाई आत उतरल्या, काठ धरून थांबल्या, आणि गुडघा कुरकुरत का होईना, वाकला. पुन्हा वाकवला. बाहेर आल्या त्या एक हात भिंतीला लावून, ओल्या पावलांचे ठसे उमटवत थेट स्वयंपाकघरापर्यंत.

"आई, वॉकर!" मुलगी मागून धावली. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

"राहू दे तिथेच. पळून नाही जात तो."

संध्याकाळी जावईबापू आले. नव्या पॅनलच्या खोक्यात एक चकचकीत स्टिकर निघाला होता, तो त्यांनी बाईंपुढे ठेवला.

"आई, हा तुमच्याकडेच असू दे."

"का हो? लावून टाका की."

"नको," ते खाली बघत म्हणाले. "हल्ली कुणाचा भरवसा नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग स्टिकरचा कागद सोलला, शेजारच्या वॉकरच्या दांडीवर तो तळहातानं दाबून बसवला आणि मान जरा तिरकी करून न्याहाळला.

"आता कसं," त्या म्हणाल्या, "नव्यासारखं दिसतं!"

सासू-जावई एवढे पोट धरून का हसतायत, ते मुलीला काही केल्या कळेना.