एकटा दाणा

पोशीने सूप भगतापुढे ठेवलं आणि हात झटकन पदराखाली घेतले.

फागू भगत भाताचे दाणे जोडीजोडीने लावू लागला. साखरशेतचा रिवाज साधा होता. पोराबद्दल संशय आला की बापाकडून एक मूठ आणि आईच्या माहेरून एक मूठ दाणे घ्यायचे, न बघता प्रत्येक मुठीतले अर्धे बाजूला काढायचे आणि उरलेले सुपात एकत्र करायचे. सगळ्यांच्या जोड्या लागल्या तर पोर घरचं. एक दाणा उरला तर बाहेरचं काही शिरलं, आणि ते आणणारी बाई भुताळी, म्हणजे चेटकीण.

पोशीचा नातू पाच दिवसांचा होता. अंगाने दुधासारखा पांढरा, केस वाळल्या गवताचे, उजेड आला की डोळे मिटणारा. सून रुपी त्याला कुशीत घेऊन कुडाला टेकली होती. पोशीचा मुलगा जिव्या दारात उभा होता. रुपीचा बाप बुध्या दाभोशाहून आला होता. बाजूला काढलेली अर्धी मूठ त्याच्या हातात तशीच होती. भुताळी ठरलेल्या बाईला गावाबाहेर हाकलत, कधी त्याहून वाईट करत. संस्थानची कचेरी जव्हारला. तिथला शिपाई येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असे.

विसावं शतक उजाडतानाच्या त्याच वर्षांत सातासमुद्रापार काही माणसं भिंगाला डोळा लावून टोळाच्या बीजात बारीक धाग्यांच्या अशाच जोड्या मोजत बसली होती. बीज तयार होताना जोडी फुटते, दोघांतला एकच पुढे जातो, कुठला ते कोणी ठरवत नाही. बापाचं अर्धं आणि आईचं अर्धं मिळून नवी जोडी जमते. दोन्ही घरांत लपलेलं काही तेव्हा एकदम उजेडात येतं. साखरशेतला हे कोणी सांगितलं असतं तरी माणसं फागूचं सूप सोडून भिंगाकडे गेली नसती.

शेवटी एक दाणा उरला.

जिव्याने मान फिरवली. रुपीने पोराला लुगड्यात झाकलं. कोंडा पाखडायच्या निमित्ताने सूप आत नेऊन पोशीने दाणे मोजले होते. एक उरला, म्हणून आणखी एक टाकला होता. भीतीने तिची मोजणीच चुकली होती. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

“यो दाणा माझा,” ती म्हणाली. “मीच टाकला.”

फागूने कशाला म्हणून विचारलं.

“माना भ्या वाटला. जिव्याच्या आधी माना असंच पांढरं पोर झालतं. मेलेलं झालं म्हणून गावाला सांगितलं.” ती थांबली. “मेलेलं नव्हतं.”

पुढे काय झालं ते कोणी विचारलं नाही. बुध्या उठला. त्याने आपली मूठ उघडली, एक दाणा निवडून त्या एकट्या दाण्याशेजारी ठेवला.

“माझी भन पण तशीच होती,” तो म्हणाला. “दिसा तिला बाहेर काढत नव्हतो.”

फागूने दोन्ही दाणे बोटाने जवळ सरकवले.

“जोड लागली. पोर घरचं आहे.”

जिव्या दारातून आत आला. पोशीला रडू फुटलं. डोळे पुसून तिने नातवासाठी हात पुढे केले.

रुपीने त्या हातांकडे पाहिलं, पोराला आणखी घट्ट धरलं आणि ती कुडाकडे सरकली.