रद्द झालेलं वॉरंट

"फॅक्स कुठे पाठवणार मावशी, मशीनच उचलून नेलंय," सीमेवरच्या चौकीतला फौजदार फोनवर म्हणाला. "आता काय यायचं ते कॉम्प्युटरमधूनच."

"अरे, पण ते वॉरंट कधीच रद्द झालंय. मी स्वतः सगळ्या चौक्यांना कळवलं होतं."

"असेल. पण माझ्या पडद्यावर नावापुढे लाल खूण आहे. लाल खुणेचा माणूस सोडला तर उद्या मी घरी."

धुरातानं रिसीव्हर आपटला. वॉरंट टाइप करायचं, शिक्का मारायचा, पोलिसांकडे धाडायचं, यातच तिची कोर्टातल्या कारकुनीची सारी वर्षं गेली होती. खिडकीपलीकडे डोक्याला काळा रुमाल बांधून लिरिये उभी होती. तिची आई काल गेली. ग्रीसमध्ये रंगकाम करणारा भाऊ, पेत्रित, मातीला यायला निघाला आणि सकाळी सीमेवर अडकला. फार पूर्वी कॅफेतल्या एका मारामारीत त्याचं नाव आलं होतं. पुढे तो निर्दोष सुटला, वॉरंट रद्द झालं. गेल्या महिन्यात राजधानीहून माणसं आली आणि जुनी वॉरंटं नव्या यंत्रणेत चढवून गेली. रद्द झालेल्यांचं नंतर बघू म्हणाली.

"दोनला माती आहे," लिरिये म्हणाली. "एकुलता एक मुलगा तो. काका विचारतायत, थांबायचं का. काय सांगू त्यांना?"

"थांबा म्हणावं."

ती खूण फक्त न्यायाधीशांच्या कार्डानं पुसली जायची. न्यायाधीश राजधानीत, तिरानाला होते, याच यंत्रणेच्या प्रशिक्षणाला. बऱ्याच वेळानं त्यांनी फोन उचलला.

"वर्ग चालू आहे, धुराताबाई. जेवणाच्या सुट्टीत करतो."

"साहेब, तोवर माती होऊन जाईल."

"मग काय, भर वर्गातून उठून जाऊ? मंत्रालयाची माणसं बसलीत समोर."

धुरातानं फोन ठेवला. आणखी बोलली असती तर नोकरी गेली असती. तिनं रद्दच्या हुकमाची प्रत काढली, तिच्यावर ताजा शिक्का मारला आणि टॅक्सी करून सीमेकडे निघाली.

फौजदारानं कागद दोनदा वाचला. "खरा आहे, मावशी. मला शंकाच नाही."

"मग सोड त्याला."

"कागदावर सोडायचा अधिकार काढून घेतलाय आमचा." त्यानं तिच्यासाठी कॉफी मागवली. ती तशीच निवून गेली.

पेत्रित बाकावर बसला होता. काळा शर्ट इस्त्रीचा, नखांत पांढरा रंग. "उन्हाळ्यात इथूनच गेलो, बाई," तो म्हणाला. "याच साहेबांनी जा म्हणून हात केला होता." फौजदार खिडकीबाहेर बघत राहिला.

दोनच्या पुढे पेत्रितला लिरियेचा फोन आला. ऊन वाढलं होतं, इमामांना दुसऱ्या गावी जायचं होतं. "आईला उचलतायत," ती म्हणाली.

"फोन बंद करू नकोस," पेत्रित म्हणाला. त्यानं फोन कानाशी धरला. बायकांचा आक्रोश धुरातालाही ऐकू येत होता. मग पावलांचा आवाज, मग काहीच नाही. तरी त्यानं हात खाली घेतला नाही.

न्यायाधीशांचं जेवण लांबलं, मग त्यांचं कार्ड चालेना. दुपार कलल्यावर कधीतरी ती खूण गेली. फौजदार उठून बाहेर आला आणि त्यानं पासपोर्ट दोन्ही हातांनी पुढे केला. "माफ कर, भाऊ." पेत्रितनं तो खिशात घातला. दोघं टॅक्सीनं गावाकडे निघाले.

कबरस्तानाच्या भिंतीपाशी काका एकटेच उभे होते. "थोडी माती लोटायची ठेवलीय," ते म्हणाले. "तुझ्यासाठी."

कबर पायाकडे तेवढी उघडी होती. शेजारी मातीचा लहानसा ढीग, त्यात रोवलेलं फावडं. त्या गावात बायका मातीला जात नाहीत, म्हणून धुराता भिंतीबाहेर थांबली. पेत्रितनं कोट काढला, ठेवायला जागा शोधली, मग परत येऊन भिंतीवरून तो तिच्या हातात दिला.

तो माती ओढू लागला. काका मदतीला पुढे झाले नाहीत. ढीग तसा लहानच होता, पण त्याला बराच वेळ लागला.