किमयाचं रिकामं ताट

माझ्या धाकट्या बहिणीचा, मृण्मयीचा नवरा ऋषिकेश माणूस वाईट नाही, पण शिस्तीचं खूळ त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. सहलीला बावधनहून गाडी निघाली, की भूगाव यायच्या आत लेकीची उजळणी सुरू. किमया सात वर्षांची. आईबाबा पुढे; मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसून ती पाठ म्हणत होती, "ताटात काही टाकायचं नाही. वाढणाऱ्याला नको नको करायचं नाही. सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही."

"आणि नाही पाळलं तर?" ऋषिकेशने विचारलं.

"बाबा बोलणार नाही."

ही नुसती धमकी नव्हती. दिवाळीत अलिबागला गेलो होतो, तेव्हा तिने अर्धी पोळी टाकली आणि वाढपी परत आल्यावर "शी, नको" म्हणाली. घरी पोचेपर्यंत हा बाबा तिच्याशी चकार शब्द बोलला नाही. पोर मागून हाका मारत राहिली आणि मृण्मयी खिडकीबाहेर बघत बसली. संताप आला होता मला. पण दुसऱ्याच्या संसारात किती तोंड घालायचं, म्हणून गप्प बसले.

मुठा गावात धोंडाबाईंकडे जेवण सांगून ठेवलं होतं. घरामागच्या खोल्या त्या पाहुण्यांना देतात आणि पडवीत पंगत मांडून स्वतः वाढतात. भाकरी, वांग्याची भाजी, मटकीची आमटी, इंद्रायणी भात. किमयाने मुकाट्याने सगळं संपवलं. रिकामं ताट बघून धोंडाबाईंनी भात वाढला. तिने तोही संपवला. पुन्हा भात आला.

"पोर लई गुणाची हाय," धोंडाबाई म्हणाल्या. "बाकीची नुसती चिवडत्यात."

"सवय लावलीय तशी," ऋषिकेश म्हणाला. काय ती मान ताठ झाली होती.

किमयाचा घास गालातच फिरत होता. कपाळावर घाम आला होता. मी हळूच म्हटलं, "किमू, नको असेल तर नको म्हण." तिने माझ्याकडे नाही, बाबाकडे बघितलं.

"ताई, खातेय ना ती? खाऊ दे की," ऋषिकेश म्हणाला.

धोंडाबाई परत वाढायला वाकल्या, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "अहो, बास करा. तिचं पोट कधीच भरलंय."

त्या तशाच थांबल्या. "मंग ताटावर हात आडवा का न्हाई धरला? आमच्यात हात धरस्तोवर वाढत्यात. रिकाम्या ताटावर पाव्हन्याला कसं बसवायचं?"

तेवढ्यात किमया ओकली. ताटात, फ्रॉकवर, सारवलेल्या जमिनीवर. ती उठली नाही. सगळ्यांचं झालं नव्हतं ना.

"मी काही टाकलं नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "सगळं संपवलं होतं."

ऋषिकेश तिच्यासमोर उकिडवा बसला. ओठ हलले, पण आवाज फुटेना. किमयाने थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहिली. बाबा बोलत नाही, एवढंच तिला कळलं. मग तिने फ्रॉकचा घेर गोळा केला आणि त्याच घेराने ती जमीन पुसायला लागली.